वाळली म्हणायचं नाही

गेल्या महिन्यात मला शाळेच्या ऑफिसात बोलावलं. पोरांना बोलावतात तसं.

मी लीड्समधल्या एका माध्यमिक शाळेत दुपारचं जेवण वाढते. इथे या कामाला डिनर लेडी म्हणतात, जेवण दुपारचं असलं तरी. एम.एस्सी. बी.एड. झालेली बाई ताटं वाढते म्हणून विदर्भातल्या, आर्वीकडच्या ज्या नातेवाइकांना हसू येतं, त्यांनी ते आधी उरकून घ्यावं आणि मग पुढे वाचावं.

झालं असं. सुट्टीनंतर नववीतली एक पोरगी समोर आली. ओळखू येईना इतकी उतरलेली. मी आपली प्रेमाने म्हणाले, "अगं, किती बारीक झालीस, छान दिसतेस!" आणि वर दोन बटाटे जास्तीचे वाढून, "एवढं तरी खा." तिने ताट तिथेच ठेवलं आणि निघून गेली.

एका दमात दोन गुन्हे केले होते मी. सेफगार्डिंग, म्हणजे मुलांची सुरक्षितता, बघणाऱ्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं की मुलांच्या ताटावर बोलायचं नाही आणि अंगावरही बोलायचं नाही. स्तुतीसुद्धा नाही.

घरी येऊन मी नवऱ्यापुढे तासभर बोलले. आमच्याकडे एसटीतून उतरलं की पहिलं वाक्य काय असतं? "कित्ती वाळली वं माय!" मग तुम्ही चार किलो वाढवून आलेल्या असा की आठ. दुसरं वाक्य, "हातपाय धू, पान वाढलंच." पंगतीत बुंदीवाला आला की ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे, त्याने बोटांच्या फटीतून तरी सोडायचीच, आणि तीनदा नाही म्हटल्याशिवाय ते नाही मोजायचंच नाही. यात कुणाचा अपमान होत नाही. उलट आग्रह केला नाही तर व्याही दहा वर्षं बोलून दाखवतात.

आणि हे मला सांगतं कोण? 6 एप्रिल 2022 पासून इंग्लंडमध्ये नियम आहे की 250 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक हॉटेलने, कॉफीवाल्याने पदार्थापुढे कॅलरी छापायच्या. लोकांचा लठ्ठपणा कमी व्हावा म्हणून. म्हणजे मी दोन बटाटे वाढले तर गुन्हा, आणि त्याच पोरीला मॉलमध्ये कॉफीच्या कपापुढे आकडा दाखवला तर ते आरोग्य! (इथल्या 'बीट' या खाण्याच्या आजारांवर काम करणाऱ्या संस्थेनेही या नियमाला विरोध केला होता, हे कळल्यावर मला फारच बरं वाटलं. आकडे नसलेला मेन्यू मागता येतो, हॉटेलवाल्याने ठेवला असेल तर.) आमच्या बसस्टँडवरच्या टपरीने चहा-आलूबोंड्यापुढे आकडे लिहिले तर लोक त्याला बिल समजून पैसे देतील.

तर, मला खाण्याच्या आजारांवरच्या, म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया वगैरेंवरच्या, ट्रेनिंगला बसवलं. रुसूनच बसले.

ट्रेनिंगमध्ये हा आजार ओळखायचे पाच प्रश्न होते, 1999 साली लंडनच्या डॉक्टरांनी छापलेले. पोट तडस लागेपर्यंत भरलं म्हणून ओकारी काढता का? किती खातो यावरचा ताबा सुटला असं वाटतं का? तीन महिन्यांत एक स्टोनपेक्षा जास्त वजन उतरलं का? लोक बारीक म्हणत असताना तुम्हाला जाडी वाटते का? आणि अन्नच तुमच्या आयुष्यावर राज्य करतं का? दोन 'हो' आले की डॉक्टरकडे. स्टोन म्हणजे सव्वासहा किलोच्या वर थोडं. माणसं गोट्याने मोजणारा देश मला वजनावर बोलू नको म्हणतो, असं मनात म्हणून मी हसले.

पाचव्या प्रश्नापाशी हसू थांबलं. मला बेबी आठवली.

बेबी माझी मावसबहीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मावशीचं गाव दारव्ह्याच्या बाजूला. त्या वर्षी मी कापूस निघायच्या दिवसांत तिकडे होते. संध्याकाळी वेचणाऱ्या बाया गाठोडी घेऊन यायच्या, अंगणातल्या लिंबाला हुकाचा काटा टांगलेला असायचा. कापूस मोजून झाला की बेबी दोन्ही हातांनी हुक धरायची, पाय वर घ्यायची आणि म्हणायची, "पाहय वं, किती भरली मी?" आम्ही सगळ्याच लहानपणी लोंबकळलो त्या काट्याला. पण ती रोज लोंबकळायची. मी काटा वाचून सांगायची. मग ती वेचणीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायची, कापसाचं लिहितात तसं, तारीख टाकून. आकडे इथे देत नाही. या आजारातली वाचणारी त्या आकड्याशी शर्यत लावते, एवढं त्या ट्रेनिंगमध्ये मला पटलं.

आकडा उतरला की मी "भारी वं!" म्हणायची. मी सतरा वर्षांची होते. मला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.

तिचे सोमवार होते, गुरुवार होते, चतुर्थी होती, एकादशी होती. आमच्याकडे जी पोर जेवत नाही तिला नाव ठेवत नाहीत, तिचं उद्यापन करतात. शेजारपाजारच्या बाया मावशीला सांगायच्या, पोरगी किती देवाची! उपासाला साबुदाणा करायची तोही सगळ्यांना वाढून, स्वतः चिमूटभर. स्वयंपाकघर तिने पूर्ण ताब्यात घेतलं होतं. गोळाभात करावा तर तिनेच, वर लसणाचं कडकडीत तेल ओतावं तर तिनेच, आणि मग भिंतीला टेकून आम्ही कसं खातो ते बघत बसायची. पेपरातल्या पाककृती कापून जपायची. त्या गावात ओव्हन नव्हता, पण केकच्या अकरा पाककृती तिच्याकडे होत्या.

हे सगळं मला अमेरिकेतल्या छत्तीस पुरुषांनी समजावलं. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात लढायला नकार दिलेले 36 धडधाकट तरुण सहा महिने अर्धपोटी ठेवले, युद्धानंतर उपाशी युरोपला परत कसं खाऊ घालायचं हे कळावं म्हणून. ते तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले, ताटं चाटायला लागले, चिडचिडे झाले, उदास झाले. म्हणजे उपासमार स्वतःच माणसाचं डोकं फिरवते. बेबी आधी उदास म्हणून जेवत नव्हती की जेवत नव्हती म्हणून उदास, हा घरातला वाद असा एका बाजूने सुटणारा नव्हताच. नैराश्य, चिंता, तेच तेच धुणं-मोजणं-तपासणं, स्वतःला इजा करणं ही सगळी या आजाराची भावंडं. कोण थोरलं ते शोधत बसलं तर पोर हातची जाते. मनाच्या आजारांत सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्यांत हा मोडतो, कधी हृदय बंद पडून, कधी आत्महत्येने. वरून अगदी व्यवस्थित दिसणारी, भरल्या अंगाचीही, खाऊन चोरून ओकणारी असू शकते. त्या ओकण्याने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचा ताल चुकतो.

तालुक्याच्या डॉक्टरने बेबीला टॉनिक दिलं आणि सलाईन लावली. जाड व्हायची भीती वाटते, असं ती कधीच म्हणाली नाही. "पोट भरल्यासारखं वाटते, गॅस होते" एवढंच. 1990च्या दशकात हाँगकाँगच्या सिंग ली या मानसोपचारतज्ज्ञांनी नेमक्या अशाच रुग्ण मुली नोंदवल्या होत्या. जाडीची भीती नाही, पोट भरलंय म्हणतात आणि वाळत जातात. पण ते आमच्या तालुक्याला कोण सांगणार? तिची पाळी थांबली. अंगात चरबीच उरली नाही की शरीर ते खातं बंद करतं, पण गावाने जे समजायचं ते समजलं. मावशीने घाईघाईने स्थळं बघायला काढली. बाहेरचं लागलं म्हणून एका बाबाकडे धूर पण घेऊन झाला. आमच्या भागात मनाचं दुखणं म्हटलं की कर्जातला शेतकरी डोळ्यांपुढे येतो, आणि येणं बरोबरच आहे. चौदा वर्षांच्या पोरीचं मन त्यात कुठेच बसत नव्हतं. आता निदान 14416 हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तेव्हा नव्हता.

आणि आता माझी फुशारकी ऐका. मुलांसाठी यावरचा उपचार 1980च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलात तयार झाला. त्याचं सार काय? आईबापांना दोष द्यायचा नाही, उलट जेवणाचा ताबा त्यांच्याच हाती द्यायचा. त्यांनी ताट वाढायचं, शेजारी बसायचं, संपेपर्यंत उठायचं नाही. इथल्या सरकारी मार्गदर्शनात आजही मुलांसाठी कुटुंबासोबतचा उपचारच पहिला. मी ट्रेनिंगमध्ये हात वर करून सांगितलं, हे माझी आजी करायची! बाई हसल्या आणि म्हणाल्या, आजी रक्त तपासायची का? फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट घातलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून जीव जाऊ शकतो, म्हणून सुरुवात डॉक्टरच्या नजरेखाली. शिवाय त्यात "माझ्यासाठी एवढं" नाही, रडणं नाही, चिडणं नाही. औषधासारखं ठरलेल्या वेळी, ठरलेलं. बरं, मग आजीला अर्धे मार्क तरी द्या.

बेबी वाचली ती अशीच. आरोग्य केंद्रातल्या एका सिस्टरने मावशीला सांगितलं, लग्नाचं सोडा, वर्षभर पोरीच्या ताटाशेजारी बसा. मावशीने त्या वर्षी वावरात पाय ठेवला नाही. वेचणीचं नुकसान झालं, त्यावरून काकांनी बोलणी ऐकवली, तरी ती बसली.

शाळेतली ती पोरगी परत येते. मी आता फक्त "काय देऊ?" विचारते. परवा तिच्या केसांतल्या क्लिपचं कौतुक केलं, त्याला परवानगी आहे. तरीही तोंडावर बोट ठेवून वाढणं मला जमत नाही, वाढल्यासारखंच वाटत नाही.

रविवारी बेबीला फोन लावला. तिची पोरगी आता आठवीत आहे.

"तुले आताच काहून आठवलं?" म्हणाली.

मी ट्रेनिंगचं सांगितलं, स्टोनचंही सांगितलं. काटा मी वाचायची, तेही एकदाचं बोलून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "नंतर आई वजन करत होती ना वं दर सोमवारी, तवा मी ओढणीत गोटे बांधून लटकत होती. तिले वाटे पोरगी भरून राहिली."