डिशवॉशर परत गेला, टॅक्स माझ्या नावावर राहिला

स्वयंपाकघरातल्या वस्तू वापरून बघायच्या आणि त्यावर लिहायचं, हे काम कसं मिळतं असं बऱ्याच जणी विचारतात. मिळण्याचा भाग सोपा आहे. घरात आहे त्यापासून सुरुवात करा. मी आमच्या जुन्या मिक्सरवर लिहिलं होतं: सुकं खोबरं, हळकुंड, भिजवलेली उडीद डाळ, कशाला किती वेळ लागला, भांडं किती तापलं, तळाचं लाल बटण कधी उडालं. (ते बटण उडतं म्हणून मोटार वाचते. थोडा वेळ थांबून परत दाबायचं, लगेच मेकॅनिक बोलवायची गरज नाही.) असं लिहीत राहिले आणि हळूहळू कंपन्यांचे मेल यायला लागले. ॲमेझॉनच्या ‘वाइन’साठी (वस्तू फुकट पाठवून त्यावर अभिप्राय लिहून घ्यायची त्यांची योजना) अर्ज करता येत नाही, निमंत्रणच यावं लागतं. तेव्हा ‘पैसे भरा, वाइनमध्ये घेतो’ म्हणणाऱ्याला ब्लॉक करा. ‘वस्तू मागवा, पाच स्टार द्या, पैसे परत’ वाल्यांना तर दारातही उभं करू नका.

आता मला खरं जे सांगायचंय ते. वस्तू परत द्यायची की ठेवायची, हे ती घरी यायच्या आधी लेखी ठरवून घ्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका कंपनीचा डिशवॉशर आला. वापरून परत, असं ठरलं होतं. किंमत ४२,००० रुपये. आमच्याकडे चिंचवडला बोअरचं पाणी, त्यामुळे सुरुवातीला काचेच्या ग्लासांवर पांढरा थर यायचा. मशीनमधला मिठाचा कप्पा भरला, पाण्याच्या जडपणाचं सेटिंग वाढवलं, तेव्हा थर गेला. ७० अंशांच्या प्रोग्रॅमला फोडणीची कढई लख्ख निघाली, कुकरच्या डब्याला करपून बसलेलं वरण मात्र निघालं नाही, आणि ॲल्युमिनियमचं झाकण काळं पडलं. हे सगळं तसंच लिहिलं. मार्केटिंगच्या मुलीने ‘झाकणाचं तेवढं काढता का ताई’ विचारलं. नाही काढलं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

मशीन न्यायला मात्र मार्चअखेरपर्यंत कुणी फिरकलं नाही. दर मेलला एकच उत्तर, ‘पिकअप टाकलाय’. एप्रिल उजाडल्यावर टेम्पो आला, मशीन गेलं. त्यानंतर अकाउंट्सचा मेल: ४,२०० रुपये पाठवा, नाहीतर ॲडव्हान्स टॅक्स स्वतः भरल्याचं चलन दाखवा.

कशाचे ४,२००? तर तेव्हाच्या आयकर कायद्यातलं कलम १९४आर. १ जुलै २०२२ पासून हे लागू झालं. व्यवसायाच्या निमित्ताने एका कंपनीकडून आर्थिक वर्षात २०,००० रुपयांच्या वर किमतीचा लाभ मिळाला, वस्तूच्या रूपात का होईना, की त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स. पण सीबीडीटीच्या, म्हणजे प्रत्यक्ष करांच्या केंद्रीय मंडळाच्या, २०२२ च्या परिपत्रक क्रमांक १२ मध्ये हेही आहे, की वस्तू वापरून कंपनीला परत केली तर तो लाभ नाही. ठेवून घेतली तरच लाभ.

मी फोन केला. ‘अहो, मशीन तुमच्याच गोडाऊनला आहे.’

‘मॅडम, सिस्टिमला रिटर्न एंट्री नाही. इयर एंड क्लोज झालंय.’

गोडाऊनवाले म्हणाले, अकाउंट्सने कळवल्याशिवाय एंट्री होत नाही. अकाउंट्स म्हणे, मार्केटिंगने कळवायचं. मार्केटिंगची ती मुलगी नोकरी सोडून गेलेली. तिच्या जागी आलेल्या मुलाला तर असं मशीन कुठे गेलं होतं हेच माहीत नव्हतं. मी पैसे दिले नाहीत. त्यांनी टॅक्स परस्पर भरून टाकला आणि जूनमध्ये माझ्या २६एएसमध्ये (आपल्या नावावर भरलेल्या टॅक्सचा सरकारी उतारा) नोंद दिसली: १९४आर, ४२,०००. माझ्या घरात नसलेली वस्तू माझं उत्पन्न म्हणून! ३१ जुलैपर्यंत इन्कम टॅक्स रिटर्न भरायचं, आणि ही नोंद डोक्यावर. त्या काळात मी लेख सोडून नुसते मेल लिहीत होते. रक्कम ४,२००ची होती, पण प्रश्न तेवढ्याचा नव्हता. खरं लिहिणाऱ्या माणसाने वस्तू ढापली, असं कागदावर दिसत होतं.

एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वेबसाइटवरच्या आपल्या वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीत, ‘माहिती चुकीची’ असा फीडबॅक दिला. तो द्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. कंपनी टीडीएसचं करेक्शन रिटर्न (आधी भरलेल्या माहितीची दुरुस्ती) भरत नाही तोवर २६एएसमधली नोंद हलत नाही. शेवटी उपयोगी पडला तो टेम्पोत चढवताना काढलेला फोटो, सिरियल नंबरचा स्टिकर स्पष्ट दिसणारा, आणि डिलिव्हरी चलनाच्या प्रतीवर घेतलेली ड्रायव्हरची सही. हे दोन्ही, सोबत परिपत्रक, थेट फायनान्सच्या मोठ्या साहेबांना पाठवलं. करेक्शन भरलं गेलं आणि माझं रिटर्न भरायच्या आत नोंद गेली. त्या दिवशी शांत झोप लागली.

म्हणून वस्तू येतानाच डिलिव्हरी चलनावर ‘रिटर्नेबल’ लिहिलंय का बघा. नसेल तर माल घेऊ नका, ड्रायव्हर कितीही घाई करो. फेब्रुवारी-मार्चमध्ये महागडी वस्तू शक्यतो घेऊच नका. आणि न्यायची तारीख उलटली तर मार्केटिंगसोबत अकाउंट्सलाही मेलमध्ये ठेवा.

अजून एक राहिलंच. वस्तू कंपनीकडून आलीय हे लेखात अगदी वर, ठळक सांगा. फुकट वापरायला मिळालेली असेल तरीही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत सहभागी झालात तर पहिल्याच वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि कुकर आला तर आधी आयएसआयची खूण शोधा, १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला ती सक्तीची आहे. खूण नसेल तर गॅसवर न ठेवता परत पाठवा, चलनावर सही घेऊनच.