गोंड्यालाच का शिवली ती?

बायबलमधली १२ वर्षं रक्तस्रावाने त्रासलेली ती बाई गर्दीतून मागून येते आणि येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते, संडे स्कूलपासून ऐकतेय मी हे, पण गोंडाच का असं कधी विचारलंच नाही. मग बायबलच्या गणना या पुस्तकातलं १५:३८-३९ वाचलं, इस्राएल लोकांनी वस्त्राच्या कोपऱ्यांना गोंडे लावावेत, ते बघून देवाच्या आज्ञा आठवाव्यात म्हणून. हिब्रूत त्याला त्सीत्सीत म्हणतात, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनेच्या शालीलाही असतात. आणि कोपऱ्याला शब्द आहे कानाफ, ज्याचा दुसरा अर्थ पंख! आता बायबलमधल्याच मलाखी पुस्तकातलं ४:२ बघा, न्याय्यत्वाच्या सूर्याच्या (आम्ही ख्रिस्ती लोक तो येशूच मानतो) पंखांत आरोग्य आहे म्हणे. मला तर वाटतं तिला हे वचन तोंडपाठ असणार, म्हणून तिने नेमका तिथेच हात घातला. काल ही गोष्ट असलेला मत्तय ९ परत वाचला, डोळेच भरून आले.