बियांपासून कवठ: रोप, कलम आणि जेली

कवठाचे झाड बियांपासून वाढवायचे म्हटले की रोपवाटिकेतले लोकही हसतात, कारण असे झाड फळाला यायला साधारणपणे पंधरा वर्षे घेते. तरीही २००३ साली, सिंहस्थाच्या वर्षी, मी नाशिकमधल्या मखमलाबादच्या आमच्या आवारात मुद्दाम बियाच रुजवल्या. ओळखीच्या एका मळ्यात गोडसर, मोठ्या फळांचे जुने कवठ होते आणि त्याची कलमे कोणी बांधलेली नव्हती. बियांच्या झाडाला मूळ झाडासारखेच फळ येईल याची हमी नसते हे मला ठाऊक होते, पण पुढेमागे कलम करायचे झाले तरी खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे ते रोप, लागणारच होता.

महाशिवरात्रीच्या सुमारास कवठे भरपूर मिळतात. बियाण्यासाठी फळ पूर्ण पिकलेले हवे आणि त्याची जुनी परीक्षा अगदी खात्रीची आहे: फूटभर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडले तर कच्चे कवठ उसळते, पिकलेले जागच्या जागी बसते. कवच फोडल्यावर बिया तपकिरी गरात इतक्या घट्ट गुंतलेल्या असतात की नुसत्या पाण्याने त्या सुटत नाहीत. गर राखेच्या पाण्यात रगडून चाळणीवर धुतला, तेव्हा कुठे त्या मोकळ्या झाल्या. त्या सावलीत सुकवून लवकरच पेराव्यात, कारण ठेवून दिल्या की उगवण घटते. नाशिकच्या फेब्रुवारीतल्या रात्री अजून गार असतात, म्हणून मी होळी उलटल्यावर माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरलेल्या पिशव्यांत अर्धा इंच खोल बी टाकले. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसू लागले. पिशव्या उंच घ्याव्यात एवढा एक आग्रह मी धरीन, कारण या रोपाचे सोटमूळ फार लवकर खाली धावते आणि आखूड पिशवीत ते तळाशी गुंडाळले जाते.

कवठ लिंबू-संत्र्याच्या कुळातले आहे, याचा प्रत्यय पहिल्याच पावसाळ्यात आला. पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके दिसले आणि नीट पाहिले तेव्हा त्या अळ्या निघाल्या. लिंबावर येणाऱ्या फुलपाखराचीच ही अळी. मोठी होताना ती हिरवीगार होते, आणि काडीने डिवचली की डोक्यामागून नारिंगी रंगाची दुहेरी शिंगे बाहेर काढते, त्यासरशी एक उग्र वास सुटतो. रोप वीतभर असताना अशा दोन अळ्या त्याचे सारे पान फस्त करू शकतात, म्हणून त्या वर्षी रोज सकाळी त्या हाताने वेचणे हेच काम होते. झाड वाढल्यावर मी त्यांच्याकडे लक्ष देणे सोडले, मोठ्या झाडाला त्यांचा उपद्रव जाणवत नाही.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात दोन जोमदार रोपे जमिनीत लावली. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून खड्ड्यात मुरूम मिसळून रोपे थोड्या उंचवट्यावर बसवली आणि सुरुवातीचे उन्हाळे त्यांना ठिबकचे पाणी दिले. नंतर कवठाला पाण्याची फारशी गरज उरत नाही. जागा मात्र विचार करून निवडावी. झाडाला धारदार काटे असतात, वाट आणि वाळत घालायच्या दोऱ्या त्यापासून लांब असाव्यात, शिवाय १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे शहरहद्दीत स्वतःच्या आवारातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

दोनांपैकी एका रोपावर, खोड बोटाएवढे जाड झाल्यावर, मळ्यातल्या त्या जुन्या झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरून घेतला. द्राक्षबागांमुळे आमच्या भागात कलम बांधणारे कुशल हात मिळतात, ही मोठी सोय. डोळ्याच्या खालून खुंटाचे फुटवे पुनःपुन्हा येतात, ते वेळीच खुडले नाहीत तर काही वर्षांनी आपण खुंटच वाढवला असे होते. हे कलमी झाड बुटके राहिले आणि खूपच आधी फळाला आले. बियांचे झाड २०१५ च्या सिंहस्थापर्यंत गच्चीच्या वर गेले होते, पण त्याला एकही फूल नव्हते, आणि शेजारच्या आजी दरवर्षी मला त्याची आठवण करून देत. त्यानंतर तीन-चार उन्हाळ्यांनी त्याला मोहर आला, तोही लालसर झाक असलेला, इतका बारीक की झाडाखाली सडा पडल्यावरच लक्षात आला.

बियांच्या झाडाची फळे लहान आणि चांगलीच आंबट निघाली. खाण्यासाठी कलमी झाडच सरस आहे. त्याची कवठे उतरवल्यावर काही दिवस उन्हात ठेवायची, मग गर काढून गूळ, लाल तिखट, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून चटणी करायची. उपवासाच्या ताटात ती आमच्याकडे हवीच असते. पण जेलीसाठी मला आता आंबट झाडाचीच फळे लागतात, कारण जेली घट्ट धरायला आम्ल आणि पेक्टिन दोन्ही हवे आणि कवठात पेक्टिन मुळातच भरपूर असते. त्यातही थोडी अर्धकच्ची फळे मिसळली तर पाक हमखास धरतो.

गराच्या वजनाइतके पाणी घालून अर्धा तास मंद शिजवावे आणि रात्रभर मलमलीच्या कापडात टांगून ठेवावे. कापड पिळायचा मोह आवरावा, नाहीतर जेली गढूळ होते. भांडे स्टीलचे घ्यावे. पितळ किंवा अॅल्युमिनियम या आंबट रसाला चालत नाही. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर घालून मोठ्या आचेवर आटवले की तपकिरी रस हळूहळू गडद जांभळट-लाल होतो. पाककृतींत जेली झाल्याची खूण म्हणून १०५ अंशांचा जो आकडा दिलेला असतो तो समुद्रकाठासाठी आहे. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने पाणी इथे जवळपास ९८ अंशांनाच उकळते, त्यामुळे १०३ च्या आसपासच थांबावे लागते, पुढे गेल्यास जेली चिवट होते. थर्मामीटर नसेल तर पळी तिरकी धरून पाहावी: थेंब सुटे न पडता दोन थेंब एकत्र येऊन पडद्यासारखे ओघळले की गॅस बंद करावा आणि गरम असतानाच कोरड्या बरण्या भराव्यात.

कापडात उरलेला गर टाकू नये. तो चाळणीवर घासून बिया वेगळ्या कराव्यात, गराइतकीच साखर घालून कडा सुटेपर्यंत आटवावा आणि तूप लावलेल्या ताटात थापून वड्या पाडाव्यात. दमट हवेत त्यांना पाणी सुटते, त्यामुळे आमच्याकडे त्या पावसाळ्याआधीच संपवल्या जातात.