घशाचा कर्करोग: आवाजाचे तीन आठवडे, शेकाचे सात आठवडे

कोकणात आवाज बसायला निमित्त लागत नाही. मिरगाचा पहिला पाऊस, बागेतली कैरी, भजनात रात्रभर लावलेला वरचा सूर, काहीही पुरतं. घरात कोणी दचकत नाही. हळद-दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या सुरू होतात, आणि ते बरोबरच आहे. फक्त त्याला मुदत घाला: तीन आठवडे. सर्दीने किंवा ओरडण्याने बसलेला आवाज तेवढ्यात सुटतो. त्यानंतरही घोगरा राहिला, आणि त्यातून माणूस विडी ओढणारा किंवा तंबाखू खाणारा असला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन स्वरयंत्र दुर्बिणीने बघून घ्यायचं. अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स मागत बसायचं नाही.

तीन आठवड्यांवर एवढा भर का, ते घशाच्या रचनेत आहे. स्वरतंतूवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आली तरी आवाज बदलतो, म्हणजे रोग स्वतःच वर्दी देतो. शिवाय स्वरतंतूंत लसिकावाहिन्या (रोग गाठींकडे नेणाऱ्या बारीक नळ्या) फार कमी असतात, त्यामुळे तिथला रोग मानेत लवकर पसरत नाही. या टप्प्यावर सापडलेले दहापैकी साधारण नऊ रुग्ण बरे होतात. कर्करोगात इतका चांगला हिशेब फार थोड्या ठिकाणी मिळतो, आणि तो आपण खोकल्याच्या बाटल्यांत घालवतो.

स्वरतंतूच्या वर किंवा मागे, अन्ननलिकेच्या तोंडाशी सुरू झालेला रोग मात्र मुका असतो. आवाज बराच काळ साफ राहतो. गिळताना एकाच बाजूला टोचतं आणि मासे खाणाऱ्या घरात त्याचा एकच अर्थ लावला जातो: काटा अडकलाय. मग केळं गिळा, कोरड्या भाताचा गोळा गिळा. खरा काटा जेवताना अडकतो, तो क्षण माणसाला आठवतो, आणि टोचणं काही दिवसांत तरी संपतं किंवा डॉक्टर काटा काढतात. आठवण नसलेला आणि महिनाभर टोचणारा काटा हा काटा नसतो. त्याच बाजूचा कान दुखतो पण कानात काहीच सापडत नाही, हीसुद्धा घशाचीच खूण, कारण दोन्हीकडच्या संवेदना त्याच नसांवरून जातात. मानेत न दुखणारी घट्ट गाठ आली तर ती चोळू नका, शेकू नका. आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा. श्वासाची वाट अरुंद झालेली असते आणि ती रात्रीतून बंद होऊ शकते.

कारणांबद्दल थोडक्यात: विडी, सिगारेट, तंबाखू आणि दारू. तंबाखूबरोबर दारू आली की धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूने टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा कर्करोग होतो, पण आपल्याकडे अजून तंबाखूचाच वाटा मोठा आहे. घरातल्या बायकांना 'तंबाखू खाता का' असं विचारलं तर त्या नाही म्हणतात आणि खोटं बोलत नसतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखू नव्हेच. ती भाजलेली तंबाखूच आहे. डॉक्टरांना वेगळं सांगा.

तपासणीची सुरुवात नाकातून घातलेल्या बारीक दुर्बिणीने होते. नाकात बधिर करणारा फवारा, दोन-चार मिनिटं, काम झालं. संशयास्पद काही दिसलं तर मानेचा सीटी स्कॅन आणि भूल देऊन तपासणीसाठी गाठीचा तुकडा (बायोप्सी). जमेल तिथे स्कॅन तुकड्याच्या आधी करावा, नाहीतर तुकडा काढल्याची सूज स्कॅनमध्ये रोगासारखी दिसते. 'गाठीला लोखंड लागलं की पसरते' हे गावोगाव ऐकू येतं. तुकड्याने रोग पसरत नाही, आणि तुकड्याशिवाय कोणी उपचार सुरू करणार नाही, करूही नये. मानेतल्या गाठीच्या बाबतीत मात्र एक खबरदारी खरी आहे: ती आधी चिरून काढायची नाही. सुईने पेशी काढून तपासायच्या आणि मूळ घशात शोधायचं. घाईने चिरलेली मान पुढच्या शस्त्रक्रियेला अडचण करते. रिपोर्टच्या कागदाबरोबर त्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉकही लॅबकडून मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासतात. नसले तर पुन्हा तुकडा आणि पुन्हा थांबणं.

रोग लहान असेल तर एकच उपचार पुरतो: तोंडातून लेसरने काढणं किंवा शेक, म्हणजे किरणोपचार (रेडिएशन). स्वरतंतूच्या सुरुवातीच्या रोगाला साधारण २८ बैठका, म्हणजे साडेपाच आठवडे. रोग वाढलेला असून स्वरयंत्र अजून कामाचं असेल तर शेक आणि केमो (कर्करोगावरचं औषध) एकत्र: ७० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), ३५ बैठका, सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे. स्वरयंत्राची कूर्चा (मऊ हाड) फोडून रोग बाहेर आला असेल, किंवा गिळलेलं सगळं श्वासनलिकेत जात असेल, तर स्वरयंत्र काढणंच शहाणपणाचं. तिथे 'वाचवा' म्हणून हट्ट धरला तर असं स्वरयंत्र उरतं जे ना बोलायला उपयोगी ना गिळायला.

शेकाआधी दात. किडके, हलणारे दात आधी काढायचे आणि जखम भरायला १० ते १४ दिवस द्यायचे. शेक घेतलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर दात उपटला तर जखम भरत नाही आणि हाड मरू लागतं. हा धोका आयुष्यभर राहतो, म्हणून दहा वर्षांनी गावच्या दंतवैद्याकडे गेलात तरी आधी शेकाचं सांगायचं. त्यानंतर प्लास्टिकचा मुखवटा चेहऱ्यावर गरम ठेवून साचा घेतात. रोजच्या शेकात डोकं तसूभर हलू नये म्हणून तो असतो. वजन घटलं की मुखवटा सैल होतो आणि नेम चुकतो. खाण्याची काळजी ही नुसती अशक्तपणाची गोष्ट नाही, ती अशी.

आता सात आठवड्यांचं. कोकणातला रुग्ण शेक मध्येच सोडतो तो बहुतेक दोनदा: गणपतीला आणि तोंड आल्यावर. पाच दिवस गावी जाऊन येतो, म्हणतो. शेकाने पेशी मरत असतात तशा उरलेल्या पेशी वाढतही असतात, आणि चौथ्या आठवड्यानंतर त्यांचा वेग वाढतो. मधल्या प्रत्येक वाया गेलेल्या दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने उतरते. पाच दिवसांचे पाच टक्के. म्हणून तारीख ठरतानाच कॅलेंडर काढा, आरतीला भावाला उभं करा. मशीन बंद पडलं तर भरपाई कशी करणार ते विचारा: शनिवारी बैठक घेता येते, किंवा एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन.

तोंड दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतं आणि शेक संपल्यावरही दोन-तीन आठवडे त्रास देतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी गुळण्या. पाणी रोज नवीन. सोलकढी, चिंच, कोकम, मालवणी मसाला बंद. पेज चालते, पण नुसत्या पेजेवर माणूस वाळतो, कारण तिच्यात बहुतेक पाणीच असतं. ६० किलोच्या माणसाला दिवसाला अंदाजे १८०० ते २१०० कॅलरी आणि ७० ग्रॅमच्या वर प्रथिनं लागतात. मऊभातात तूप, कुळथाची पातळ पिठी बिनतिखटाची, नाचणीची खीर दुधात, अंडं, काटे काढून कुस्करलेली सुरमई. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, पाव लिटर दुधात आठ. बेरीज जमत नसेल तर नाकातून नळी घालून घ्या, आणि ती वजन पडायच्या आधी घाला.

नळीतून एका वेळी २०० ते २५० मिली, दर दोन-तीन तासांनी. रुग्णाला बसवून किंवा पाठ ४५ अंशांत ठेवून द्यायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आधी आणि नंतर ३०-५० मिली पाणी. नाकाशी नळीवर पेनने खूण करा. खूण सरकली असेल किंवा देताना ठसका लागला तर थांबा. सगळं मलमलच्या फडक्याने गाळा, नाचणीचा रवाळपणा नळी हमखास तुंबवतो. नळी बाहेर आली तर घरी परत सारू नका, ती फुप्फुसाच्या वाटेला जाऊ शकते.

केमोचं नेहमीचं औषध सिस्प्लॅटिन, तीन आठवड्यांतून एकदा किंवा दर आठवड्याला कमी मात्रेत. ते किडनीला आणि कानाला लागतं. लघवी कमी झाली, कानात गुंई सुरू झाली तर पुढच्या सलाइनआधीच सांगायचं. घसा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून घेणं इथे महागात पडतं. दोन्ही किडनीवर बसतात. दुखण्यासाठी डॉक्टर मॉर्फिन देतील तर घ्या, त्याची सवय लागेल ही भीती या काळात धरू नका. ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच दिवशी रुग्णालय.

स्वरयंत्र काढल्यावर श्वास कायमचा मानेतल्या छिद्रातून. नाक-तोंडाचा फुप्फुसाशी संबंध उरत नाही. त्यामुळे ऑक्सिजनचा मास्क मानेला लावायचा, तोंडाला नाही. हे घरच्यांना आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सला माहीत हवं. मोठ्या मराठी अक्षरांत कार्ड करून खिशात ठेवा. किनाऱ्यावरच्या माणसाला आणखी एक अवघड गोष्ट सांगावी लागते: पोहणं बंद, होडीवर जाणं बंद, विहिरीवर डोक्यावरून कळशी ओतणंही बंद. छातीएवढ्या पाण्यात पाय घसरला तरी पाणी थेट फुप्फुसात. छिद्रावर मलमलचा रुमाल धूळ आणि माश्या अडवतो. आवाज मात्र परत मिळवता येतो: श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये बसवलेल्या झडपेने, गळ्याला लावायच्या यंत्राने, किंवा ढेकरेवर बोलायला शिकून. पाणी पिताना ते झडपेतून झिरपून खोकला येऊ लागला की ती बदलायची वेळ झाली.

पैसा आणि प्रवास. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, शेक, केमो तिन्ही येतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत; रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) आधी भेटा, कारण मंजुरी उपचाराआधी लागते. रत्नागिरीकडच्यांनी चिपळूणजवळच्या डेरवणच्या रुग्णालयात आधी चौकशी करावी, सिंधुदुर्गवाल्यांना कोल्हापूर किंवा गोवा जवळ पडतं. परळच्या टाटाला जायचं तर तुतारी एक्सप्रेस दादरला उतरवते, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करुग्णांची सोय होते. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म रुग्णालयच भरून देतं, सोबतच्या माणसालाही सवलत असते. सात आठवडे रोज घाट चढून-उतरून शेक घेण्यापेक्षा रुग्णालयाजवळ खोली घेणं स्वस्त पडतं, हे पहिल्या आठवड्यातच कळतं.

शेक संपल्यावर १२ आठवड्यांनी तपासणी. त्याआधी काढलेला पेट स्कॅन सुजेलाच रोग म्हणून दाखवतो, उगाच घाई करू नका. पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी दुर्बीण, कारण रोग परत येतो तो बहुधा याच काळात. मानेच्या शेकाने थायरॉईड मंदावतं, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही रक्ताची तपासणी. थकवा, सूज, थंडी वाजणं याला 'उपचाराचा अशक्तपणा' म्हणून सोडून दिलं जातं, आणि एका गोळीने सुटणारी गोष्ट वर्षभर रेंगाळते. तोंड उघडायचा व्यायाम रोज: आपलीच तीन बोटं उभी आत जायला हवीत. दोनच जाऊ लागली की पुढच्या तारखेची वाट न बघता फिजिओथेरपिस्टकडे.