'पाठवला' म्हणजे पोचला नव्हे

तालुक्याच्या गावी आमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. रिपोर्ट तयार झाला की पेशंटला व्हॉट्सअ‍ॅप जावं आणि ते पोचलं नाही तर आपोआप एसएमएस जावा, अशी सोय करून घ्यायची होती. आठवड्याचं काम वाटलं होतं, दोन महिने गेले.

व्हॉट्सअ‍ॅपचं लवकर उरकलं. घोडं अडलं एसएमएसपाशी. टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांमुळे धंद्याचा एसएमएस असा उठून पाठवता येत नाही. आधी डीएलटी पोर्टलवर, म्हणजे धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या टेलिकॉम कंपन्यांच्या साइटवर, लॅबची नोंदणी, मग नंबराऐवजी दिसणारं सहा इंग्रजी अक्षरांचं हेडर, मग मजकुराचं टेम्प्लेट मंजूर करून घ्यायचं.

मजकूर मी हौसेने मराठीत लिहिला, चांगला ऐसपैस. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, मराठीला ७०. त्यापुढे गेलात की ६७-६७ चे तुकडे, आणि दर तुकड्याचे पैसे वेगळे. त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणं, सगळं सुटं मोजतात. 'रिपोर्ट' आपल्याला तीन अक्षरी, मशीनच्या हिशेबी सात! रात्री जेवणं उरकल्यावर बायको आणि मी बोटं मोजत बसलो. 'नमस्कार' गेला, 'कृपया' गेलं. फोन नंबर मात्र ठेवावाच लागला, कारण हेडरवरून आलेल्या एसएमएसला उलट उत्तर देता येत नाही.

मंजुरी आली, सगळं सुरू झालं. आठ दिवसांनी एक आजोबा एसटीने आले. "निरोप काय आला नाही, म्हटलं बघून यावं." बघतो तर त्यांचा एसएमएस गेलेलाच नाही, आणि तसे आणखी पाच. आमचं सॉफ्टवेअर पूर्णविरामाआधी एक स्पेस जास्तीची टाकत होतं. मंजूर टेम्प्लेटशी मजकूर जुळेना, म्हणून मेसेज वाटेतच बाद. आमच्या स्क्रीनवर मात्र 'पाठवला'.

शिवाय सेटिंग करणाऱ्याने अट घातली होती, 'वाचला नाही तर एसएमएस'. निळ्या टिका बंद ठेवणारे कितीतरी असतात. त्यांना दोन-दोन निरोप जायला लागले आणि एक बाई घाबरून विचारायला आल्या, "दुसरा रिपोर्ट कसला?" आता अट 'पोचला नाही' अशी आहे आणि अर्धा तास वाट बघून मगच एसएमएस सुटतो.

एसएमएस मिळाला की लोक फोन करतात. काउंटरवर कुणी नसेल तर तो माझ्याकडे यावा म्हणून कॉल फॉरवर्डिंग लावलं. एका रविवारी 'नेहमी' हा पर्याय निवडला आणि काढायला विसरलो. सोमवारी काउंटरचा फोन चिडीचूप, आणि सॅम्पल आणायला स्कूटरवर निघालेल्या माझा खिसा अखंड वाजतोय. तेव्हापासून फक्त 'बिझी' आणि 'उचलला नाही' एवढेच दोन पर्याय चालू आहेत.

फॉरवर्डिंग कॉलचंच होतं, मेसेजचं नाही, हेही नंतर कळलं. काउंटरच्या मोबाइलवर "उपाशीपोटी यायचं का?" असे चार एसएमएस रविवारपासून पडून होते. त्यातले दोघं चहा-पोहे खाऊन आले.