तुम्ही विचारलंत म्हणून: भूल उतरलीच नाही तर?

ऑपरेशन कुठलंही असो, आदल्या दिवशी तपासायला गेले की पेशंट हळूच विचारतात, "डॉक्टर, भूल उतरलीच नाही तर?" भूलतज्ज्ञ म्हणून माझी काळजी नेमकी उलटी असते. भूल टिकवायची कशी, ही.

शिरेतून देतो ते प्रोपोफॉल हे भुलीचं औषध दुधासारखं पांढरं असतं, कारण ते सोयाबीनच्या तेलात मिसळलेलं असतं. आत जाताना हात जरा चुरचुरतो आणि मिनिटभराच्या आत पेशंटचं बोलणं अर्ध्या वाक्यावर तुटतं. पण एका डोसचा अंमल 5 ते 10 मिनिटांचाच. तेवढ्यात औषध शरीराबाहेर पडत नाही. मेंदूतून निघून स्नायूंत, चरबीत पांगतं. म्हणून पुढे ऑपरेशनभर सेव्होफ्लुरेन या भुलीच्या औषधाची वाफ श्वासातून किंवा पंपावरचं औषध चालूच ठेवावं लागतं. ते थांबवलं की जाग येऊ लागते. स्नायू सैल करणारं औषध दिलं असेल, तर त्यावर बहुधा उताराही द्यावा लागतो.

आणि ही झोप नव्हे. झोपलेल्याला डास चावला तर तो कूस बदलतो. भुलीत श्वास मंदावतो, कधी थांबतो, तो आम्ही चालवतो. रक्तदाब उतरतो. घशाशी काही आलं तरी ठसका लागत नाही, ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. उपाशी ठेवतो ते यासाठी. साधं पाणी सहसा 2 तास आधीपर्यंत चालतं. दूध मात्र जेवणातच धरतो, म्हणजे 6 तास. चुकून काही खाल्लं असेल तर सांगून टाका. कुणी रागावलं तर रागावू दे.

नंतर हुडहुडी भरते, तो बहुतेकदा ताप नसतो. भुलीत रक्तवाहिन्या सैलावतात, आतली ऊब हातापायांकडे जाते आणि पहिल्या तासातच आतलं तापमान अंशभर खाली येतं. मळमळीचा त्रास बायकांना, गाडी लागणाऱ्यांना आणि (हा अन्यायच म्हणायचा!) सिगारेट न ओढणाऱ्यांना जास्त. घसा खवखवतो तो श्वासासाठी घशातून घातलेल्या नळीमुळे. डोकं लख्ख वाटलं तरी 24 तास गाडी चालवू नका, कागदपत्रांवर सह्या करू नका.

वयस्कर माणसं कधीकधी रात्री घरच्यांना ओळखत नाहीत, सलाईन उपसतात. सगळा दोष भुलीचा नसतो. दुखणं, जंतुसंसर्ग, जागरण, सगळंच त्यात असतं. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. तोवर त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन घरी ठेवू नका, उशाशी द्या.