चिंगीचं ऑपरेशन, बाळ्याची सोबत

आमची सशीण चिंगी, तिच्या स्पेच्या, म्हणजे गर्भाशय काढायच्या ऑपरेशनला आज अकरा दिवस झाले, टाके सुकलेत, म्हणून आता निवांत लिहायला बसले. मी शोधत होते तेव्हा हे मराठीत सांगणारं कोणीच भेटलं नव्हतं.

तिचा जोडीदार बाळ्या, त्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच झालंय, पिल्लांचा प्रश्नच नाही, मग चिंगीचं काहून करता, हे घरी सगळ्यांनी विचारलं. कारण गर्भाशयाचा कॅन्सर. ऑपरेशन न केलेल्या सशिणींमध्ये वय वाढलं की तो फार आढळतो, आणि चिंगी साडेतीन वर्षांची, म्हणजे मी आधीच उशीर केला होता. जानेवारी मुद्दाम निवडला. सशांना उकाडा सोसत नाही आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, कूलरसमोरही दोघं पाय ताणून नुसते पडून राहतात, त्यात पोटावर टाके म्हणजे हालच.

आधी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी सांगितलं, रात्रीपासून उपाशी ठेवा. कुत्र्या-मांजरांना तसं ठेवतात, भुलेत उलटी होऊन फुप्फुसात जायला नको म्हणून. पण सशाला उलटी होतच नाही, आणि त्याचं आतडं सतत चालत राहावं लागतं, ते थांबलं की जिवावर बेततं. मी तिथे ऑपरेशन केलं नाही. तुम्हीही फोनवरच विचारून घ्या की आजवर किती ससे केलेत, उपाशी ठेवायला लावता का, घरी दुखण्याचं औषध किती दिवसांचं देता. आणि सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलीन हे अँटिबायोटिक देतो म्हणाले तर सरळ उठून या, त्याने पोटातले चांगले जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो.

आई मात्र शेवटपर्यंत म्हणत होती, "माणसाले तं उपाशी ठेवतेत, अन हिले सकाळीच सांबार चारून राहिली तू!" सांबार म्हणजे कोथिंबीर. चारला, अगदी निघेपर्यंत. गवतही सोबत नेलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जोडी असेल तर दोघांनाही न्या. एकटी गेली आणि दवाखान्याचा वास घेऊन परत आली की जोडीदार तिला ओळखत नाही, भांडणं होतात, कधीकधी महिनोन्‌महिने जमवलेली जोडी त्यात तुटते. आम्ही दोघांना एकाच पिंजऱ्यात, एकाच जुन्या टॉवेलवर बसवून नेलं, बाहेर कुत्री भुंकत होती म्हणून त्यांना घेऊन गाडीतच थांबलो. चिंगीला आत नेल्यावर बाळ्या तासभर त्या टॉवेलच्या तिच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसला होता. ती बाहेर आली तशी तो तिच्या कानाशी गेला, हुंगलं, आणि चाटायला लागला. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

घरी सोफा-बिफा सगळा सरकवून सपाट जागा केली, उड्या मारता येऊ नयेत म्हणून. भुशाऐवजी स्वच्छ चादरी, भुसा टाक्यांना चिकटतो. थंडी होती म्हणून गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून बाजूला, आणि ती नको असली तर सरकायला जागा. पहिल्या रात्री दोघांच्या मध्ये जाळी लावली, कारण बाळ्या कधीमधी तिच्यावर चढतो. तो जाळीला अंग लावून झोपला, ती पलीकडून. दुसऱ्या दिवशी जाळी काढली आणि दिवसभर तिथेच बसून लक्ष ठेवलं.

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी चिंगी काही खाईना. पोट जमिनीला दाबून बसली आणि दात करकर वाजवत होती. लाड केल्यावर जो हलका आवाज येतो ना, तो हा नाही, हा दुखण्याचा असतो. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलेल्या मापाने मेलॉक्सिकॅम, म्हणजे दुखण्याचं औषध दिलं, मग पेलेट (सशांच्या खाद्याच्या गोळ्या) भिजवून, कुस्करून, सिरिंजने ओठाच्या बाजूने थोडं थोडं भरवलं. समोरून ढकलायचं नाही, ठसका लागतो. रात्रभर दर दोन तासांनी उठत होते. लेंड्या मोजायच्या, कारण लेंड्या आल्या म्हणजे आतडं चालू आहे. जाळीमुळे हिच्या कोणत्या आणि बाळ्याच्या कोणत्या हे तरी कळत होतं.

पहाटे सव्वातीनला चादरीवर पाच लेंड्या सापडल्या. लहान, वाकड्यातिकड्या, पण तिच्याच. मी आईला उठवून दाखवल्या. आई काही बोलली नाही, फ्रिजमधून सांबाराची जुडी काढली, धुतली आणि चिंगीसमोर धरली. तिने एक काडी ओढली.